पार्ट मिळतो, पण कॅलिब्रेशन कुलपात

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी ह्यूस्टनला राहतो, तुमचा पेपर रोज ऑनलाइन वाचतो, वाहन पुरवणी तर आधी. पुरवणीत नव्या गाड्यांचं मायलेज, सनरूफ, टचस्क्रीन सगळं येतं, पण वॉरंटी संपल्यावर ती गाडी गल्लीतल्या गॅरेजला नीट करता येणार आहे का, हे कुठेच येत नाही. मी हे पत्र एकाच गोष्टीवर लिहितोय, पिकअप ट्रकच्या एअर सस्पेन्शनची उंची. विषय अमेरिकेतला वाटेल पण शेवटपर्यंत वाचा, पुण्या-मुंबईच्या बसपर्यंत येतोच मी.

इकडे पिकअप म्हणजे नुसती मालाची गाडी नाही, लोक रोज ऑफिसलाही त्यातूनच जातात. 2013 च्या मॉडेलपासून रॅम 1500 मध्ये चारही चाकांना एअर सस्पेन्शन ऑप्शन म्हणून मिळायला लागलं, आता रिव्हियनच्या पिकअपमध्ये आहे, टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये आहे. लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबरी हवेच्या पिशव्या, एक कॉम्प्रेसर, हवेची टाकी, आणि प्रत्येक चाकाजवळ एक छोटा सेन्सर, त्याला एक दांडी जोडलेली असते, चाक वरखाली झालं की दांडी हलते आणि सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो की हा कोपरा इतका वर आहे, इतका खाली आहे. त्यावरून कॉम्प्युटर हवा भरतो नाहीतर सोडतो. रॅममध्ये नॉर्मलला जमिनीपासून साधारण 8.7 इंच जागा राहते, खडबडीत रस्त्यासाठी गाडी 2 इंच वर जाते, चढ-उतार करायला 2 इंच खाली बसते, हायवेला स्पीड पकडला की आपोआप थोडी खाली येते म्हणजे वारा कमी लागतो. मागे ट्रेलर जोडला किंवा हौद्यात सामान टाकलं तर मागची बाजू बसत नाही, पुन्हा लेव्हलला येते. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना भारतातून इकडे आणलं की ते 2 इंच खाली बसणं किती कामाचं आहे ते कळतं.

आता मुद्दा असा आहे की ही उंची कुठे नट फिरवून सेट होत नाही. ती कॉम्प्युटरमध्ये लिहिलेला एक आकडा असते. सेन्सर बदलला, दांडी वाकली, कधी कंट्रोल मॉड्यूल म्हणजे सस्पेन्शनचा तो कॉम्प्युटरच बदलला, की तो आकडा पुन्हा लिहावा लागतो, यालाच कॅलिब्रेशन म्हणतात, कारण नवा सेन्सर त्याच उंचीला थोडं वेगळं रीडिंग देतो. ते लिहिलं नाही तर पार्ट कितीही ओरिजिनल असला, कितीही नीट बसवला, तरी गाडी वाकडीच उभी राहणार.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, त्यांची एअर सस्पेन्शनची पिकअप आहे, गणपतीत मंडळाचं मखर, स्टेजच्या फळ्या, भांडी सगळं त्यांच्याच गाडीतून जातं. मागे एकदा हायवेवर फुटलेल्या टायरचा मोठा तुकडा गाडीखाली आला आणि पुढच्या डाव्या चाकाची सेन्सरची दांडी तोडून गेला. आमच्या भागात एक मेक्सिकन मेकॅनिक आहे, हात अतिशय स्वच्छ, त्याने सेन्सर मागवला, दांडीसकट बसवला, काम छान झालं. पण गाडी सुरू केली तर डावी पुढची बाजू उजवीपेक्षा 18 मिलिमीटर खाली. त्याच्याकडचं स्कॅनर आकडे दाखवत होतं, चारही कोपऱ्यांची उंची स्क्रीनवर दिसत होती, पण बदलू देत नव्हतं. मग एका डीलरला फोन केला तर उत्तर आलं की आमच्याकडे बसवलेला पार्ट नाही, आम्ही आधी सगळी सिस्टिम तपासणार, ती तपासणी वेगळी, कॅलिब्रेशन वेगळं, आणि अपॉइंटमेंट काही आठवड्यांनी. म्हणजे जे काम प्रत्यक्षात टेप आणि लॅपटॉप घेऊन तासाभराचं आहे त्यासाठी गाडी वाकडी चालवा किंवा घरी उभी ठेवा. त्या मेकॅनिकचा चेहरा मी बघत होतो, त्याचं काम चोख होतं आणि तरी गिऱ्हाईकासमोर ते अपुरं दिसत होतं, हे मला फार लागलं.

वाकडी म्हणजे फक्त दिसायला वाकडी नाही हेही सांगतो. चार पायांच्या चौरंगाचा एक पाय आखूड झाला की तो कर्णावर डुगडुगतो, तसं गाडीचं वजन दोन चाकांवर जास्त आणि दोनवर कमी पडतं. ब्रेक मारताना गाडी ओढते, टायर एका बाजूने खातात, अलाइनमेंट करून आणली तरी टिकत नाही कारण अलाइनमेंट मुळात चुकीच्या उंचीवर झालेली असते. आणि हेडलाइट! दोन चाकांमधलं अंतर साडेतीन मीटर धरा, पुढची बाजू फक्त 5 सेंटिमीटर वर गेली तर 25 मीटर पुढे प्रकाशाचा झोत साधारण 35 सेंटिमीटर वर जातो, म्हणजे समोरून येणाऱ्या छोट्या कारवाल्याच्या सरळ डोळ्यात. रात्री दोन लेनच्या रस्त्यावर समोरून येणारा आंधळा झाला तर काय होतं ते घाटात गाडी चालवणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको. नव्या गाड्यांमध्ये तर पुढचा कॅमेरा आणि रडारसुद्धा गाडी सरळ उभी आहे असं धरूनच अंतर मोजतात.

शेवटी काकांच्या ट्रकचं कॅलिब्रेशन त्याच मेकॅनिकने केलं, एका बाहेरच्या सॉफ्टवेअरने, परवानगी वगैरे रीतसर घेऊन. मी टेपचं दुसरं टोक धरायला होतो म्हणून पद्धत नीट बघितली, आणि ती लिहितोय कारण लोकांना वाटतं हे काहीतरी रॉकेट सायन्स आहे. गाडी सपाट काँक्रीटवर उभी केली, हौदा रिकामा, चारही टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, बॅटरीला चार्जर लावलेला कारण मॉड्यूलमध्ये आकडा लिहिताना व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल अर्धवट अवस्थेत अडकू शकतं. दारं बंद, गाडी नॉर्मल उंचीवर, थोडी पुढेमागे करून सस्पेन्शन सैल बसू दिलं. मग माप जमिनीपासून घ्यायचं नाही, हे महत्त्वाचं, चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यायचं. जमिनीपासून घेतलं तर टायर किती झिजलाय, किती दबलाय ते सगळं मापात येतं आणि सेन्सरला टायरशी काही देणंघेणं नाही, तो फक्त चाकाचा दांडा आणि चासी यातलं अंतर ओळखतो. त्याने आधी जुने चारही आकडे मोबाईलवर फोटो काढून ठेवले, म्हणजे काही बिनसलं तर परत तिथेच जाता येतं. मग प्रत्येक कोपऱ्याचं खरं माप मिलिमीटरमध्ये टाकलं, सॉफ्टवेअरने लिहिलं, इग्निशन बंद करून पुन्हा चालू केलं आणि कॉम्प्रेसरचा घर्रर्र आवाज येऊन डावी बाजू हळूहळू वर आली. लगेच पुन्हा टेप लावली, गाडी एक चक्कर मारून आणली, पुन्हा टेप लावली. तेव्हा कुठे तो समाधानी झाला. नंतर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा अँगल, त्याच क्रमाने, उलट क्रमाने केलं तर दोन्ही वाया.

एक धोक्याचं सांगतो, घरी करणाऱ्यांसाठी. या गाड्यांच्या सेटिंगमध्ये जॅक मोड, अलाइनमेंट मोड असे पर्याय असतात. जॅक लावायच्या आधी जॅक मोड चालू केलाच पाहिजे, नाहीतर कॉम्प्युटरला वाटतं गाडी वर गेली आणि तो हवा सोडायला लागतो. त्यावेळी मडगार्ड आणि टायरच्या मध्ये हात असेल तर विचार करा. स्टँड लावल्याशिवाय खाली जाऊ नका, हवेच्या पिशवीवर उभी असलेली गाडी कधीही बसू शकते.

आता याच सॉफ्टवेअरचा दुसरा वापरही होतो आणि त्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. रॅमवाल्यांमध्ये अल्फाओबीडी नावाचं सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहे, लॅपटॉपवर किंवा अँड्रॉइड फोनवर चालतं, ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायच्या सॉकेटला, एक ब्लूटूथचा ॲडॉप्टर लावायचा. काही लोक त्यात मुद्दाम खोटं माप टाकतात, म्हणजे कोपरा खरा आहे त्यापेक्षा खाली आहे असं सांगतात, मग कॉम्प्युटर बिचारा जास्त हवा भरतो आणि गाडी फुकटात इंच-दीड इंच वर येते, मोठे टायर बसतात, गाडी रुबाबदार दिसते. माझ्या मते हे करू नये. पुढच्या ॲक्सलचे सांधे रोजच तिरक्या अँगलने फिरतात आणि लवकर जातात, बॉल जॉइंटवर ताण येतो, हेडलाइटचं वर सांगितलंच, आणि ऑफरोड मोड लावला की सस्पेन्शन पार शेवटाला जाऊन आदळतं कारण वर जायला जागाच उरत नाही. तसंच हवेची पिशवी गाडी लेव्हल ठेवते म्हणून माल वाढवू नये, मागची बाजू बसलेली दिसत नाही म्हणजे ॲक्सलची ताकद वाढली असं होत नाही, टायर आणि ब्रेकवर तेवढाच बोजा असतो. ज्याला गाडी उंच करायची आहे त्याने योग्य किट बसवावं, पैसे खर्च करावेत.

पण काही लोक खोटं माप टाकतात म्हणून खरं माप टाकणाऱ्याला कुलूप लावायचं, हे मला मान्य नाही. आणि कुलूप कसं लागलं त्याला इतिहास आहे. 2015 मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी रस्त्यावर चालती जीप चेरोकी दूरवरून लॅपटॉपने ताब्यात घेऊन दाखवली, ब्रेक, गिअर, वायपर सगळं, त्यानंतर कंपनीने 14 लाख गाड्या परत बोलावल्या. धक्का मोठा होता आणि उपाय करायलाच हवा होता. मग 2018 पासून त्या कंपनीच्या गाड्यांमध्ये, रॅमही त्यांचीच, सिक्युरिटी गेटवे नावाचं मॉड्यूल आलं, ते बाहेरच्या टूलला आकडे वाचू देतं पण लिहायला ओळख पटवावी लागते. आता अमेरिकेत गॅरेजवाल्यांना ऑटोऑथ नावाच्या सेवेत नाव नोंदवून, मान्य केलेलं स्कॅनर घेऊन आत जाता येतं. म्हणजे सुरक्षाही राहिली आणि दारही बंद झालं नाही, निदान ज्याला वर्गणी परवडते त्याच्यासाठी. माझं म्हणणं एवढंच की हाच रस्ता बरोबर आहे, फक्त तो स्वस्त हवा, सगळ्या कंपन्यांना सक्तीचा हवा आणि गाडीच्या मालकालाही खुला हवा. दूरवरून मोबाईल नेटवर्कमधून घुसणारा हॅकर आणि गाडीची किल्ली हातात घेऊन सीटवर बसलेला मेकॅनिक, हे दोघं एकाच दारातून येत नाहीत, मग दोघांना एकच कुलूप कशाला.

हे सुखासुखी मिळालेलं नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 मध्ये लोकांनी मतदान करून कंपन्यांना भाग पाडलं की डीलरला जी माहिती आणि टूल देता ते बाहेरच्या गॅरेजलाही विकत द्या, 2014 मध्ये कंपन्यांनी तोच करार देशभर मान्य केला. 2020 मध्ये पुन्हा मतदान झालं, गाडी वायरलेसने जो डेटा पाठवते त्यासाठी, 2023 मध्ये मेन राज्यानेही तसंच केलं. 2015 मध्ये तर कॉपीराइटच्या कायद्यातून खास सूट द्यावी लागली की मालकाने आपल्या गाडीचं सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी उघडलं तर तो गुन्हा नाही, आणि मालकाच्या वतीने मेकॅनिकने हात लावला तर चालेल हे यायला 2018 उजाडलं. ज्या गाडीचे हप्ते आपण भरतो तिच्या स्प्रिंगची उंची ठरवायला इतकी वर्षं भांडावं लागलं.

आता आपल्याकडे येतो. तुम्ही म्हणाल बोलेरो पिकअपला मागे पाटे आहेत, हे एअर सस्पेन्शनचं कौतुक आम्हाला कशाला. पण दादर-पुणे शिवनेरीतून जाताना खालून हवा सोडल्याचा फुस्स आवाज ऐकला असेल ना, ते एअर सस्पेन्शनच. स्टॉपवर एका बाजूला झुकणाऱ्या लो-फ्लोअर बस आहेत, त्यात हेच काम इलेक्ट्रॉनिक कंट्रोल करतो. तिथेही सेन्सर आहेत, तिथेही सेन्सर बदलला की नॉर्मल लेव्हल, वरची मर्यादा आणि खालची मर्यादा सॉफ्टवेअरने पुन्हा शिकवावी लागते. खासगी ट्रॅव्हल्सवाल्यांच्या बस ज्या गॅरेजला जातात तिथल्या पोरांना पिशवी बदलता येते, व्हॉल्व्ह बदलता येतो, पण लॅपटॉपची वेळ आली की गाडी कंपनीच्या वर्कशॉपला न्यावी लागते, एक दिवस गाडी उभी म्हणजे एक दिवसाचं बुकिंग गेलं. मी सांगलीचा, माझे वडील आयुष्यभर ट्रकच्या कामात होते, तिकडच्या गॅरेजमधल्या मुलांचा हात मला माहीत आहे. त्यांना आकडा लिहिता येत नाही असं नाही, त्यांना तो लिहू दिला जात नाही.

आणि भारतात कायद्याच्या बाजूने काहीच झालेलं नाही असंही नाही, उलट हेच मला जास्त खटकतं. 2014 च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, कारण काय, तर सुटे भाग आणि डायग्नोस्टिक (बिघाड शोधायची) टूल बाहेरच्या गॅरेजला मिळू दिले जात नाहीत. आयोगाने तेव्हाच सांगितलं होतं की हे खुल्या बाजारात द्या. कंपन्या अपिलात गेल्या, वर्षं गेली. मग 24 डिसेंबर 2022 ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार विभाग आहेत. सुरुवात चांगली आहे, मनापासून सांगतो. पण त्यावर कस्टमर केअरचा नंबर आणि वॉरंटीची माहिती दिली म्हणजे मेकॅनिकचं काम झालं असं नाही. त्याला हवं असतं ते हे: कुठला पार्ट बदलल्यावर कुठलं कॅलिब्रेशन लागतं, त्याची कृती, योग्य मापाचे आकडे किती ते किती, आणि ते लिहायला लागणारी परवानगी कुठे आणि किती रुपयांत मिळते. आता भारतातल्या साध्या कारमध्येही कॅमेरे आणि रडार यायला लागलेत, पुढची काच बदलली तरी कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन लागतं, म्हणजे हा प्रश्न श्रीमंतांच्या गाड्यांपुरता राहिलेला नाही, तो स्विफ्ट-क्रेटाच्या पातळीवर येऊन ठेपलाय.

मेकॅनिक लोकांकडूनही एक अपेक्षा आहे आणि ती त्यांना आवडणार नाही कदाचित. आकडे लिहिण्याचा हक्क पाहिजे तर नोंद ठेवायची सवय लावा. कामाआधीचे आकडे, कामानंतरचे आकडे, कुठलं सॉफ्टवेअर वापरलं, हेडलाइट तपासला का, हे बिलावर लिहून गिऱ्हाईकाला द्या. काकांच्या ट्रकचं बिल माझ्याकडे आहे, त्यावर चारही कोपऱ्यांची आधीची आणि नंतरची मापं पेनने लिहिलेली आहेत. उद्या तो ट्रक दुसऱ्या कुणी घेतला, दुसऱ्या गॅरेजला नेला, तरी तिथल्या माणसाला पहिल्यापासून शोधत बसावं लागणार नाही. कंपन्या म्हणतात ना की बाहेरचे लोक बेजबाबदारपणे काम करतात, तर त्यांना उत्तर द्यायला असा कागद हातात पाहिजे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स करणाऱ्या मुलांच्या हातात पान्याबरोबर लॅपटॉपही पहिल्या वर्षापासून असावा, आणि कॅलिब्रेशन प्रत्यक्ष गाडीवर करून घ्यावं, फळ्यावर आकृती काढून नाही.

संपादक साहेब, तुमच्याकडे एक विनंती आहे, मोठी नाही. वाहन पुरवणीत प्रत्येक नव्या गाडीच्या परीक्षणाखाली मायलेज, किंमत, बूट स्पेस असे रकाने असतात, त्यात दोन रकाने वाढवा. एक, या गाडीचं कॅलिब्रेशन बाहेरच्या गॅरेजला करता येतं का. दोन, येत असेल तर त्याच्या टूलची आणि परवानगीची किंमत किती. हा प्रश्न कंपनीला लेखी पाठवा आणि त्यांनी उत्तर दिलं नाही तर त्या रकान्यात "उत्तर मिळालं नाही" असंच छापा. आणि ज्या वाचकांचं स्वतःचं गॅरेज आहे त्यांनी आपला अनुभव, गाडीचं मॉडेल आणि अडलेलं काम लिहून तुमच्याकडे आणि ग्राहक व्यवहार विभागाकडे दोन्हीकडे पाठवावं, मराठीत पाठवलं तरी चालेल.

कळावे,
आपला नियमित वाचक,
ह्यूस्टन (मूळचा सांगलीचा)